सहलीला निघण्यापूर्वी : दोन दिवस पुणे, दोन दिवस कोकण

दसरा झाला, सोयाबीनच्या राशी झाल्या, की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न सुरू होतो. "डॉक्टरसाहेब, भाऊबीज झाली की आम्ही पुण्याला जायलोत. दोन दिवस पोराकडं ऱ्हायचं अन् तिथून दोन दिवस कोकणात. अप्पाला न्यावं का?" अप्पा शेजारच्याच स्टुलावर बसलेले असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते.

आमच्या लहानपणी रेणापूरहून सहल म्हणजे तुळजापूर, पंढरपूर, परळी. फार झाले तर तिरुपती. आता बहुतेक घरांतील एक मुलगा किंवा मुलगी पुण्यात आहे. राहण्याची सोय फुकट होते, शहर पाहून होते, आणि तिथून चार-पाच तासांवर समुद्र आहे. त्यामुळे अर्धी सहल शहराची आणि अर्धी खेड्याची असा बेत अलीकडे घरोघरी ठरू लागला आहे. बेत चांगलाच आहे. मात्र तो ठरवताना पाहण्याच्या ठिकाणांची यादी आधी होते आणि माणसांची यादी शेवटी. मला हे क्रम उलटे हवेत. सोबत येणाऱ्यांपैकी सर्वांत नाजूक प्रकृतीचे माणूस कोण, हे आधी ठरवा. त्याला दिवसाकाठी किती झेपते ते पाहा आणि मग ठिकाणे लिहा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी हीच चूक मी स्वतः, डॉक्टर असून, केली आहे.

माझ्या आईचे वय तेव्हा सत्तर. रक्तदाबाची दोन औषधे चालू होती. त्यातील एक गोळी लघवी वाढवणारी. गुरुवारी रात्री लातूरहून बसने निघालो. शुक्रवारी पहाटे पुण्यात उतरलो आणि त्याच दिवशी दगडूशेठ गणपती, केळकर संग्रहालय, तुळशीबाग, सारसबाग असे सगळे उरकले. शनिवारी पहाटे पाचला गाडी करून मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरलो, माणगाववरून दिवेआगर. रविवारी हरिहरेश्वर करून रात्री पुन्हा पुण्याकडे, असा बेत होता. मुले खूश होती. आई गप्प होती. ती थकली असेल असे मला वाटले.

रविवारी सकाळी ती खोलीच्या पायरीवर बसली ती उठेना. डोके ठणकत होते, चक्कर येत होती. बॅगेत यंत्र होते म्हणून रक्तदाब पाहिला. २१० वर ११०. तोंड वाकडे झाले आहे का, हातापायांत शक्ती आहे का, बोलणे अडखळते का, दिसायला नीट दिसते का, छातीत दुखते का, हे सगळे पाहिले. तसे काही नव्हते हे नशीब. मग तिची औषधांची पिशवी उघडली. निघताना मोजून दिलेल्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. तीन दिवस तिने एकही गोळी घेतली नव्हती, आणि पाणीही जेमतेम घोट घोट प्याली होती.

मी रागावलो. ती म्हणाली, "गोळी घेतली की दर घंट्याला जावं लागतंय. कुठं कुठं गाडी थांबवावी? तुमची सहल मोडाया नको म्हणून नाही घेतली."

माझा राग तिथेच विरला. गाडीत आई आहे हे मला माहीत होते. तिला कोणती गोळी आहे हेही माहीत होते, कारण ती मीच लिहून दिलेली होती. त्या गोळीला आणि त्या रस्त्याला मी एकत्र जोडून पाहिले नव्हते. तिला नेहमीच्या गोळ्या दिल्या, शांत निजवले, दर दोन तासांनी रक्तदाब पाहिला. सायंकाळपर्यंत तो हळूहळू उतरला. (असा वाढलेला रक्तदाब झटकन उतरवण्यासाठी जिभेखाली कॅप्सूल फोडण्याची जुनी पद्धत अजून कोठे कोठे दिसते. ती करू नये. दाब एकाएकी कोसळला तर त्यानेच अर्धांगाचा झटका येऊ शकतो.) मी जवळ होतो आणि धोक्याचे एकही लक्षण नव्हते म्हणून खोलीत थांबलो. वर सांगितलेल्यांपैकी एक जरी लक्षण असते, तर घरी गोळी देत बसायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे. घरी आल्यावर आठ दिवसांनी तिला थंडी वाजून ताप आला. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. तो त्या तीन दिवसांच्या तहानेचाच हिशेब होता.

ही गोष्ट मी आता प्रत्येक सहलीवाल्याला सांगतो, कारण अशी आई प्रत्येक गाडीत असते. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. स्टँडवरची स्वच्छतागृहे त्यांना नकोशी वाटतात, आणि गाडी थांबवा म्हणायचा संकोच वाटतो. लघवी तुंबवून ठेवणे आणि पाणी कमी पिणे या दोन्हींमुळे मूत्रमार्गात जंतू वाढतात; मधुमेह असेल तर अधिकच. उपाय सोपा आहे आणि तो पुरुषांनी करायचा आहे. कोणी मागो न मागो, दर दोन तासांनी गाडी पेट्रोल पंपावर किंवा बऱ्या हॉटेलावर थांबवायची, दहा मिनिटे सगळ्यांनी उतरायचे. पाय मोकळे होतात तो फायदा वेगळा. सात-आठ तास पाय लोंबते ठेवून बसले की पोटरीतील रक्तप्रवाह मंदावतो, पाय सुजतात, आणि क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते. मुक्कामी पोचल्यावर घेता येते. पण हे आपापल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचे. गोळी बंद करायची नाही.

रात्रीच्या बसऐवजी लातूरहून रात्री निघणारी मुंबईची रेल्वे मिळाली तर वृद्धांसाठी ती मला केव्हाही बरी वाटते. आडवे होता येते, डब्यात स्वच्छतागृह असते आणि पहाटे पुणे येते. आरक्षण दिवाळीत मिळत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून बेत दसऱ्याआधी करावा.

आता क्रमाचा प्रश्न. आधी शहर की आधी खेडे? माझे मत आधी शहर. कारण सांगतो. शहरातील त्रास हा थकव्याचा, जिन्यांचा, धुराचा आणि गर्दीचा असतो. पण डॉक्टर आणि औषधाचे दुकान हाकेच्या अंतरावर असते. खेड्यात जीव निवांत होतो. पण काही झालेच तर मदत लांब असते. म्हणून प्रवासाचा शीण, बदललेले पाणी, विसरलेली गोळी या सगळ्याची परीक्षा शहरात होऊ द्यावी. दोन दिवसांत साखर, रक्तदाब, पोट ठीक राहिले तर पुढे निघावे. राहिले नाही तर पुण्यातच मुलाकडे थांबावे. बाकीचे जाऊन येतील. हे आधीच बोलून ठेवले की ऐनवेळी कोणाचे मन मोडत नाही. दुसरे असे, की शहराच्या धावपळीनंतर खेड्यात विश्रांती होते आणि माणूस ताजा होऊन परततो. उलट क्रमात समुद्राच्या दमट हवेने दमलेला माणूस शहरातील जिने चढत राहतो.

आणि पोचल्या दिवशी दुपारपर्यंत काहीही पाहायचे नाही. आंघोळ, जेवण, झोप. रात्रभराच्या जागरणाने रक्तदाब वाढतो, साखर बिघडते. ज्यांना फेफऱ्याचा म्हणजे मिरगीचा विकार आहे त्यांना नुसत्या जागरणाने झटका येऊ शकतो, औषध चालू असले तरी. अशा रुग्णाने रात्रीचा बसप्रवास टाळावा हेच उत्तम.

मधुमेहाच्या गोळीची एक घटना सांगण्यासारखी आहे. आमच्या भागातील एक निवृत्त शिक्षक पुण्यात उतरले. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी त्यांनी नेमाने सात वाजता घेतली. नाश्ता दर्शनानंतर करू असे ठरले. रांग दोन तासांची निघाली. नऊच्या सुमारास गुरुजींना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, असंबद्ध बोलू लागले, आणि खाली बसले. हृदयविकाराचा झटका म्हणून धावपळ झाली. रांगेतील एका बाईंनी विचारले, "साखरेची गोळी चालू आहे का?" आणि पर्समधील ग्लुकोज पाण्यात घालून पाजले. दहा-पंधरा मिनिटांत गुरुजी माणसांत आले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे असे आहे, की तुम्ही जेवा अगर न जेवा, ते आपले काम सुरू करतात. म्हणून प्रवासात एकच नियम: ताट समोर आल्याशिवाय गोळी तोंडात नाही. वरच्या खिशात साखरेची पुडी हवी. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड यांपैकी काही वाटले तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि नंतर पोटभर खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये; ते फुफ्फुसात जाते. त्याला रुग्णालयातच न्यावे.

इन्सुलिन घेणारे विचारतात, बाटली न्यायची कशी. वापरात असलेली बाटली अथवा पेन साधारण चार आठवडे सावलीत, खोलीच्या तापमानात चांगले राहते. मात्र ऊन आणि तापलेली डिकी त्याला चालत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा पुरतो. बर्फात थेट ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते.

पुण्यात काय पाहावे हे मी सांगायला नको. फक्त गुडघे पाहून ठरवा. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. केळकर संग्रहालय फार सुंदर, पण मजले चढावे लागतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चालणे खूप आहे. सिंहगडाच्या वरपर्यंत गाडी जात असली तरी पुढे चढ आहेच. मेट्रोचा मात्र आपल्या वृद्धांना खरा उपयोग आहे. पुण्यात ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, आणि सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मार्ग झाला आहे. स्थानकांत लिफ्ट असते, आत थंड असते, आणि मुलांना ती स्वतंत्र सहलच वाटते. दिवसात दोन ठिकाणे पुरे. एक सकाळी, एक चार वाजल्यानंतर. दिवाळीच्या आसपास फटाक्यांचा आणि वाहनांचा धूर असतो. दम्याच्या रुग्णाने पंप पिशवीत नव्हे, खिशात ठेवावा.

शहरातले पाणी चांगले, खेड्यातले वाईट, हा आपला समज खरा नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, किरकटवाडी आणि नांदेड गाव (हे पुण्याजवळचे नांदेड) परिसरात हातापायांची शक्ती जाणाऱ्या गियाँ-बारे या आजाराची साथ आली. दोनशेहून अधिक रुग्ण आढळले, आणि संशय दूषित पाण्यातून आलेल्या जुलाबाच्या जंतूंवर गेला. तेव्हा पाणी उकळलेले किंवा सीलबंद, हा नियम दोन्हीकडे पाळावा. उसाचा रस आणि सरबतातील बर्फ यांचा मोह टाळावा. आपण लातूरकरांनी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेले आहे. पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको, पण प्रवासात आपणच ती विसरतो.

जुलाब लागलेच तर क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य पटकीच्या रुग्णांना वाचवले. दुकानात मिळणारी गोड डबाबंद पेये ही क्षारसंजीवनी नव्हेत. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे वाचून घ्यावे.

आणखी एक आपली सवय. पुण्याला जातोच आहोत तर डोळे दाखवून घेऊ, गुडघेही दाखवून घेऊ. दाखवा, पण सहलीच्या मधल्या दिवशी नको. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की काही तास उजेड सोसत नाही आणि धूसर दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ताजी असेल तर वाळू, वारा आणि समुद्राचे पाणी डोळ्याला घातक. तपासणीसाठी स्वतंत्र फेरी करावी.

तिसऱ्या दिवशी घाट. ताम्हिणीची वळणे आपल्या सपाटीवरच्या पोटाला मानवत नाहीत. उपाशी निघू नये आणि तुडुंबही खाऊ नये. दोन इडल्या किंवा पोळी पुरे. ज्याला उलटी होते त्याला पुढच्या आसनावर बसवावे, लांब क्षितिजाकडे पाहायला सांगावे, हातातील मोबाईल काढून घ्यावा. उलटीची गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची असते, घाटात पोचल्यावर नव्हे. ती गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, दोन वर्षांखालील मुलाला देऊ नये, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आलेपाक कोणालाही चालतो, मधुमेही सोडून.

घाट उतरला की हवा बदलते. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो. वाळताना तो अंग थंड करतो. कोकणात हवेतच ओल असल्याने घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पारा आपल्यापेक्षा खाली असूनही तिथे जीव घाबरतो तो यामुळे. म्हणून दुपारी बारा ते चार अंगणातील सावलीत, सुती कपडे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी. शहाळे उत्तम, मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते घेऊ नये, त्यात पोटॅशियम असते. मासे पहिल्यांदाच खाणार असाल तर थोडेच खाऊन पाहा. कोळंबी आणि खेकड्याने काहींच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. तसे झाले तर घरगुती उपाय करत बसू नये.

समुद्राविषयी मात्र मला विस्ताराने लिहायचे आहे. आपल्याकडचे पोहणे हे विहिरीतले पोहणे. पाठीला भोपळा बांधून शिकलेला आणि काठावरून सूर मारणारा आपला तरुण स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो, आणि तो तसा असतोही. पण विहिरीचे पाणी माणसाला ओढत नाही. समुद्राचे ओढते. लाट किनाऱ्यावर आली की तेवढेच पाणी परत जाते, आणि ओहोटीच्या वेळी पायाखालची वाळू घेऊन जाते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर (हे रायगड जिल्ह्यातले मुरूड, आपल्या लातूरजवळचे नव्हे) पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून गेले.

आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत नसते. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते, आणि तिची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. काल पाच वाजता पाणी लांब होते म्हणून चार दिवसांनी पाचलाच लांब असेल असे नाही; तेव्हा ते तुमच्या पाठीशी असेल. हरिहरेश्वराच्या मंदिरामागून खडकांवरून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. तो ओहोटीतच करायचा असतो. भरतीच्या लाटांनी तिथून माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तेव्हा पाण्यात पाय घालण्यापूर्वी गावातल्या माणसाला वेळ विचारावी, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये. गुडघ्याच्या वर पाणी नको. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहत उभे राहायचे. फोटो दुसऱ्याने काढावेत. पाण्यातून काढलेल्या मुलाचा श्वास बंद असेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. लगेच तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ ला फोन लावावा.

भातकापणीच्या दिवसांत विंचू आणि साप यांचीही आठवण ठेवावी. सकाळी बूट झटकून घालावेत, रात्री अंगणात बॅटरीशिवाय उतरू नये, अंथरूण भिंतीपासून दूर असावे. कोकणातील लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. नुसते दुखत असेल तर घाबरण्याचे कारण कमी. पण भरपूर घाम, उलटी, हातपाय गार पडणे, श्वास लागणे ही चिन्हे दिसली तर एक मिनिटही दवडू नये. या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध चालते हे जगाला दाखवून दिले ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. ते मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील देहेडचे. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. साप चावला तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काही करू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून न्यावे आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. मुक्कामाला पोचताच घरमालकाला पहिला प्रश्न विचारावा: जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल? माणगाव आणि श्रीवर्धन येथे सरकारी रुग्णालये आहेत.

औषधांबाबत थोडक्यात. लागणाऱ्या दिवसांपेक्षा तीन दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या. त्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडत नाही. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये हवा; नुसती "ती पांढरी गोळी" सांगून पुण्यातील दुकानदाराला काही कळत नाही. रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड जवळ ठेवा. हृदयरोग्याने जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात ठेवावी आणि ती बसूनच घ्यावी. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल. इतर वेदनाशामक गोळ्या डेंग्यूत रक्तस्राव वाढवतात म्हणून नेऊच नका. घरातील एका समजदार व्यक्तीने रोज रात्री गोळ्या मोजाव्यात. हे काम मी आमच्या घरी नातीकडे दिले आहे. आजी मुलाला फसवते, नातीला फसवत नाही.

काहींना मी सरळ नको म्हणतो. महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आलेले, जिना चढताच धाप लागणारे, साखर सतत तीनशेवर असणारे, आणि नववा महिना लागलेल्या लेकीबाळी. यांच्यासाठी लांबचा बेत पुढच्या वर्षी. तोवर लातूरला एक दिवस आणि आपल्याच शेतात हुरड्याच्या दिवसांत एक दिवस. यातही शहर आणि खेडे आलेच. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणल्यापासून पुण्या-मुंबईची माणसे पैसे मोजून बाजेवर बसून पिठले-भाकरी खातात. आपल्याकडे बाज फुकट आहे.

परतीचा प्रवास शक्यतो दिवसा करावा आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवावी. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना न विचारता सांगावे की आम्ही कोठे गेलो होतो. पुण्यातील डास डेंग्यू देतो, कोकणातील चिखल आणि गवत लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस देऊ शकते. या आजारांचा ताप दिसायला सारखा आणि उपचार मात्र वेगळा. काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग दिसला तर तो अवश्य दाखवावा. स्क्रब टायफसची ती खूण असते आणि स्वस्तातल्या औषधाने तो आजार बरा होतो.

माझ्या आईची त्या वेळची सहल एका दिवसाने वाढली. रविवारी ती दुपारभर घरमालकिणीच्या पडवीत बसून होती. समोर अंगणात भात झोडणे चालू होते. आयुष्यभर ज्वारी आणि तूर काढलेल्या बाईला ते फार नवलाचे वाटले. सायंकाळी जरा बरे वाटल्यावर तिने उठून दोन पेंढ्या स्वतः झोडून पाहिल्या आणि मी ओरडलो. पुण्यात काय पाहिले ते तिला आज आठवत नाही. त्या बाईंचे नाव मात्र आठवते, आणि दर दिवाळीला ती त्यांना फोन लावते.

औषधांच्या वेळा बदलून हव्या असतील त्यांनी जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन धनत्रयोदशीपूर्वी यावे. लक्ष्मीपूजन आणि पाडवा, दोन्ही दिवस दवाखाना फक्त सकाळी उघडा राहील. येताना अप्पांनाही सोबत आणावे. प्रश्न त्यांनाच विचारायचे आहेत.